पन्हळ दर चवथीला काळी: पाणी मारायचं की केमिकल?

मे महिन्यात शिडी लावून घासलेली पन्हळ चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवड्यात पुन्हा काळीकुट्ट. वरच्या काठापासून खाली ओघळलेल्या उभ्या रेघा, कोणीतरी काजळाची बोटं पुसल्यासारख्या. आमच्याकडे हा प्रकार पाच-सहा वर्षं न चुकता चालला. घर गोव्यात, डिचोली तालुक्यात, मंगळुरी कौलांचं, मधे लहानसं राजांगण म्हणजे उघडा चौक, पुढे आंबा आणि बाजूला फणस. चवथीला माणसं येतात, अंगणात चपला काढताना मान वर करतात, आणि कोणीतरी विचारतोच, "यंदा कसलं लिक्विड मारलंस रे?"

हा प्रश्नच उलटा आहे हे कळायला मला एक पन्हळ घालवावी लागली. आधी डाग कशाचा ते बघायचं, बाटली मागाहून. आणि बऱ्याच वेळा बाटलीपर्यंत जायची पाळीच येत नाही.

आमच्याकडे पन्हळी तीन जातींच्या आहेत. पुढच्या उताराला वडिलांनी बसवून घेतलेली जस्ती पत्र्याची, बाजूच्या खोल्यांना मी आणलेली पीव्हीसीची, आणि मागच्या स्लॅबवर शेड घातली तेव्हा तिला रंगीत पत्र्याची. घर एक, पाऊस एक, तरी तिन्हींवरची घाण वेगळी. एका बाजूला जे लागू पडलं ते दुसऱ्या बाजूला उपयोगाचं नव्हतं. तिथेच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण नाही पडला.

पहिला सवाल सगळेच करतात: एवढा पाऊस कोसळतो तर पन्हळ आपोआप धुतली का जात नाही? गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. आडव्या मापाने ५० चौरस मीटरचा उतार धरला तरी वर्षाला दीड लाख लिटर पाणी एका पन्हळीतून जातं. पण जातं ते आतून. बाहेरच्या अंगाला धार लागत नाही, लागतात ते शिंतोडे. खालच्या गोलाईला तर तेही नाहीत. तिथे चार महिने नुसती ओल, वर वळचणीची सावली, उन्हाचा पत्ता नाही. शेवाळाला याहून चांगली जागा कोण देणार? म्हणजे "साध्या पाण्याने जात नाही" असं आपण म्हणतो तेव्हा त्या जागेला साधं पाणी नीट लागलेलंच नसतं.

ओल्या फडक्याची परीक्षा

जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्या. डागावर बेताच्या दाबाने आठ-दहा वेळा घासा आणि मग पन्हळ न बघता फडकं बघा.

फडकं लाल किंवा तपकिरी झालं तर ती धूळ आहे. आपली चिऱ्याची माती ती, दुसरं काही नाही. आमच्या पट्ट्यात खाणीचे ट्रक फिरायचे तेव्हा घरावर, झाडांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर तोच रंग असायचा. २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खाणी थांबल्या तेव्हा पन्हळीवरची लाली बरीच कमी झाली होती. या मातीला पाणी पुरतं, फक्त पाण्याला वेळ द्या. एकदा भिजवा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा भिजवा, मग नारळाच्या सोडणाने घासा. यावर ब्लीच ओतणं म्हणजे पैसे गटारात. लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा असतो, आणि ब्लीच त्याचं काही करू शकत नाही.

फडकं हिरवट आणि बोटाला बुळबुळीत लागलं तर शेवाळ. पातळ थर असेल तर सोडण आणि पाणी एवढंच. थर जुना, काळपट, पत्र्याला घट्ट धरून बसलेला असेल, तर ते मुरलेलं शेवाळ, आणि राखाडी-हिरवे गोल चट्टे उठले असतील तर ते दगडफूल. ही दोन्ही घासून निघत नाहीत आणि जोर केला तर रंग घेऊन निघतात. रसायनाची खरी गरज इथे लागते, त्याबद्दल पुढे.

पांढरी भुकटी आली तर हात आवरा. रंगीत पत्र्यावर ती उन्हाने पिठाळलेल्या रंगाची असते, जुन्या पीव्हीसीवरही तसंच होतं. जितकं घासाल तितकी निघेल, कारण तुम्ही मळ काढतच नाही आहात, पन्हळच झिजवताय. जस्ती पत्र्यावर तीच भुकटी म्हणजे जस्ताचा पांढरा गंज. हळू हाताने पाणी मारून सोडून द्या.

आणि फडकं कोरं राहिलं, डाग मात्र तसाच, तर तो बहुतेक गंज असतो. तांबडा गंज दिसला म्हणजे तिथलं जस्त संपलं. धुण्याचं काम तिथे थांबतं आणि तारेच्या ब्रशचं, प्रायमरचं, रंगाचं सुरू होतं.

राहिला काळा, चिकट डाग. आमच्या पुढच्या पन्हळीचा हाच होता आणि मी वर्षानुवर्षं त्याला शेवाळ समजत होतो.

आंब्याचा चिकटा

आंब्याला मोहोर आला की तुडतुडे येतात. ते रस शोषतात आणि साखरेचा चिकट द्रव अंगातून बाहेर टाकतात. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावली की काचेवर बारीक चिकट ठिपके येतात, ते हेच. या चिकट्यावर काळी बुरशी चढते. बागायतदार तिला काजळी म्हणतात आणि नाव अगदी बरोबर आहे. आमची एक फांदी कौलांवरून थेट पन्हळीवर आलेली. म्हणजे फेब्रुवारीत पन्हळीला साखरेचा हात बसायचा, मार्च-एप्रिलची धूळ त्यावर चिकटायची, आणि जूनमध्ये ओल मिळाली की सगळं मिळून काळं.

मी मेमध्ये काय करायचो? ब्लीचचं पाणी फवारायचो. काळा रंग उडायचा, पन्हळ गोरी दिसायची, मी खूश. खालचा चिकटा मात्र तसाच राहायचा. बोट फिरवून बघायचं मला कधी सुचलं नाही. पाऊस लागला की महिन्याभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

या डागाला लागतो तो साबण. बादलीभर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन चमचे, किंवा रिठ्याचं पाणी असेल तर तेही चालतं. फडक्याने लावून पाच-सात मिनिटं ओलं ठेवायचं, सोडणाने गोल-गोल घासायचं, मग स्वच्छ पाणी. पहिल्या हाताला फडकं चहाच्या फडक्यासारखं होतं, तिसऱ्या हाताला पांढरं राहतं. एवढं सोपं होतं. पण आंबे उतरवून झाल्यावर ती फांदी छाटेपर्यंत याचाही फायदा एका मोसमापुरताच. फांदी तोडू द्यायला आई तयार नव्हती, ती वेगळी कथा. शेवटी अर्धी तोडली.

रेघा कुठे आहेत तेही बघा

सगळी पन्हळ सारखी मळलेली असेल तर मळ वरून पडतोय. रेघा ठरावीक दोन-चार जागीच असतील तर पन्हळ काठावरून सांडतेय, आणि मग बाहेरून कितीही धुवा, काठाखाली नवी रेघ ठरलेली.

तपासायला अवघड नाही. कोरड्या दिवशी पन्हळीच्या वरच्या टोकाला नळीने पाणी सोडा आणि खाली उभं राहून बघत चला. आमच्याकडे पाणी मधल्या क्लॅम्पजवळ साचत होतं आणि पुढच्या काठावरून, बरोबर काळ्या रेघेच्या जागी, खाली येत होतं. क्लॅम्प बोटभर खाली बसला होता. तीन मीटरला साधारण दीड सेंटिमीटर उतार असला की पाणी पळतं. मधे पोट आलं की गाळ बसतो, गाळात पाणी राहतं, पाण्यात डास होतात, आणि डेंग्यूच्या दिवसांत पंचायतीची माणसं बादल्या-टायर तपासत फिरतात तेव्हा हे वरचं तळं कोणाच्या नजरेत येत नाही.

दुसरी जागा म्हणजे उतरत्या पाइपाचं तोंड. आमच्याकडे फणस आहे म्हणून सांगतो: फणसाचं वाळलेलं पान त्या गोल तोंडावर बश्शीसारखं बसतं. जाड, गुळगुळीत, मापाला बरोबर. एक पान पुरतं, कचऱ्याचा ढीग लागत नाही. पाणी वर चढतं आणि काठावरून सांडतं. त्यावर मी जाळीचा उलटा पेला बसवला. वीस मिनिटांचं काम होतं, पण ब्लीचच्या सगळ्या बाटल्यांनी मिळून जेवढा फरक पडला नाही तेवढा त्याने पडला.

तिसरी गोष्ट आमच्या मेस्तांनी, म्हणजे मिस्त्रींनी, दाखवली. पत्र्याचे दोन तुकडे जोडताना वरच्या अंगाचा तुकडा खालच्या अंगाच्या तुकड्यात बसायला हवा, म्हणजे पाणी सांध्यावरून सरळ पुढे जातं. आमच्या एका सांध्यात ते उलटं होतं. मेस्त खालून एकदाच बघून म्हणाले, "बाब, हा डाग नव्हे, ही गळती आहे. धुताय कशाला?"

मी पन्हळ कशी घालवली

एका वर्षी चवथ जवळ आलेली, वेळ नव्हता, आणि कोणीतरी सांगितलं की संडास साफ करायचं ॲसिड मार, एका मिनिटात चकचकीत. मारलं. खरंच झाली. फसफसून फेस आला, मळ त्यासोबत वाहून गेला आणि खालून नव्या ताटासारखा पत्रा बाहेर आला. मी शेजारच्यांना बोलावून दाखवलं.

तो फेस मळाचा नव्हता. त्या बाटलीत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ते जस्ताला खातं, बुडबुडे हायड्रोजनचे. पत्र्याला गंजापासून वाचवणारा थर मी स्वतःच्या हाताने उतरवला. पुढच्या पावसात तांबडे ठिपके आले, त्याच्या पुढच्या पावसात टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली. खाली ठिबकलेल्या ॲसिडने चुन्याच्या गिलाव्यावर पाडलेले फिके ओघळ अजून आहेत. चुना तर ॲसिडमध्ये विरघळतोच.

तेव्हा जस्ती पत्र्यावर ॲसिड कुठलंच नको. ॲल्युमिनियमच्या पन्हळीला तर ॲसिडही नको आणि कॉस्टिक सोड्यासारखा जहाल क्षारही नको, ती दोघांनाही बळी पडते. धुण्याच्या सोड्यानेही ॲल्युमिनियम काळं पडतं, चहाच्या टोपात सोडा उकळून बघितला असेल त्यांना माहीत आहे. पीव्हीसी या बाबतीत सोशिक, पण थिनर, पेट्रोल असलं काही तिला लावू नका, वरचा थर मऊ पडतो.

माडाचं व्हिनेगर वापरणारेही आमच्या ओळखीत आहेत. पातळ शेवाळावर ते चालतं, पण व्हिनेगर म्हणजे अखेर चार-पाच टक्क्यांचं ॲसिडच. पीव्हीसीवर ठीक, जस्तावर आणि चुन्याच्या भिंतीजवळ नको. आणि चांगलं माडाचं व्हिनेगर लोणच्यात जावं, पन्हळीवर ओतायला जीव होत नाही.

ब्लीच लागतंच तेव्हा

जुनं काळं शेवाळ आणि दगडफूल, एवढ्या दोनच गोष्टींसाठी मी आता ब्लीच काढतो. घरगुती ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट साधारण चार ते सहा टक्के असतं. त्याचा एक भाग, पाणी दहा भाग. कोपऱ्यात हाताएवढ्या जागेवर आधी लावून बघा, रंगीत पत्र्याचा रंग उडत असेल तर तिथेच थांबा. आधी पन्हळ साध्या पाण्याने भिजवायची, मग फडक्याने किंवा स्पंजाने ब्लीचचं पाणी लावायचं, दहा मिनिटं ठेवायचं, वाळू द्यायचं नाही, आणि भरपूर पाण्याने धुवायचं. धातूवर ते राहिलं तर गंज आणतं, म्हणून शेवटचं पाणी हात आखडून मारू नका. दगडफूल त्याच दिवशी निघत नाही. मरतं, पांढरं पडतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत सोडणाला सुटतं. लोक त्याच दिवशी दुसरा हात मारतात, तिसरा मारतात. गरज नसते. बाटली जुनी असेल तर मात्र जोर कमी झालेला असतो, आपल्या उकाड्यात ब्लीच लवकर उतरतं.

फवारणीचा पंप मी सोडून दिला. वाऱ्याने तुषार डोळ्यांत येतात, खालच्या झाडांवर जातात. हातमोजे, चष्मा, आणि खाली अबोली, जास्वंद, पानवेल जे असेल त्यावर आधी साधं पाणी शिंपडून वर प्लास्टिक. आमच्या राजांगणातली पन्हळ तर तुळशीवृंदावनाच्या डोक्यावर आहे. तिथे ब्लीच कधीच नाही, साबणाचंही पाणी नाही, फक्त सोडण आणि पाणी.

आणि एक गोष्ट मोठ्याने सांगतो: ॲसिड आणि ब्लीच एका बादलीत, एका फडक्यावर, एकामागोमाग एकाच जागी, कधीही नाही. दोन्ही मिळाली की क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबरही ब्लीच नको, तिथेही विषारी वायू होतो. आमच्याकडे ॲसिडच्या बादलीत कोणीतरी ब्लीच ओतलं होतं, अंगणात, उघड्यावर, तरी घसा तासभर जळत होता. हेच बंद न्हाणीघरात झालं असतं तर?

विहिरीचं पाणी वापरणाऱ्यांनी पुढचं नीट वाचा. पन्हळीचं पाणी विहिरीत किंवा टाकीत सोडलेलं असेल तर कुठलंही केमिकल काढण्याआधी तो पाइप सोडवून बाहेर वळवा आणि नंतरच्या दोन-तीन चांगल्या सरी तसाच राहू द्या. शेजारचे काका यावर म्हणाले, "ब्लीचिंग पावडर विहिरीत घालतोच की आपण!" घालतो, पण किती? हजार लिटर पाण्याला चांगल्या पावडरीचे अडीच ग्रॅम, म्हणजे चमचाभरसुद्धा नाही. पन्हळ धुताना मगभर ब्लीच जातं, सोबत मेलेलं शेवाळ आणि गाळही.

प्रेशर वॉशरबद्दल विचारतात म्हणून: स्लॅबवरच्या शेडला चालेल, लांबून आणि कमी जोरावर. कौलांच्या घराला नको. मंगळुरी कौलांच्या खाचा वरून खाली येणाऱ्या पाण्यासाठी असतात. खालून वर मारलेली धार कौलाखाली शिरते आणि आतल्या रिपा भिजवते. शिवाय पीव्हीसीचे सांधे हलतात.

कधी धुवायचं

मी मेमध्ये धुणं बंद केलं. मेमध्ये पन्हळ आतून साफ करतो, कोरडी, हाताने आणि खराट्याने. पानं, गाळ, कौलांचे तुकडे, एकदा तर अख्खा चेंडू. बाहेरचा मळ तेव्हा उन्हाने भाजून पापडासारखा झालेला असतो, त्याला दुप्पट पाणी लागतं आणि विहीर नेमकी तेव्हाच तळाला गेलेली असते.

बाहेरून धुतो ते श्रावणात, दोन दिवस उघडीप मिळाली की. दोन महिने भिजून मळ फुगलेला असतो, विहीर काठोकाठ असते, आणि जे मे महिन्यात ब्लीचलाही ऐकत नव्हतं ते सोडणाच्या चार हातांत निघतं. चवथ पुढ्यात असते, तेव्हा दिसायचं त्या वेळी स्वच्छ दिसतं.

त्या दिवसांत एक धोका आहे, अंगण घसरडं असतं. शिडीच्या पायांखाली गोणपाट, खाली एक माणूस शिडी धरून, आणि हात लांब करून धुवायचा मोह नको, शिडी सरकवा. विजेची सर्व्हिस वायर वळचणीजवळून येत असेल तर त्या टोकाला नळी अजिबात नको, तिथे मेन स्विच बंद केला तरी बाहेरची तार जिवंतच असते. तेवढा हातभर भाग मळका राहिला तर राहू द्या. आमचा राहतो.

सध्या पुढची पन्हळ नव्या पत्र्याची आहे आणि या चवथीला तिच्यावर एकच काळी रेघ होती, डावीकडून दुसऱ्या सांध्याखाली. फडकं लावलं, चिकट नाही, हिरवट नाही. पाणी सोडून बघितलं तर थेंब थेंब गळतंय. पाऊस ओसरला की मेस्त येतो म्हणालेत, तोवर खाली बादली ठेवली आहे.